इमारत पाडणार, मग खंड्याचं काय?

विलेपार्ले पूर्वेला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 63, शाळेतून निवृत्त, पती चार वर्षांपूर्वी गेले. जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत परसदार. तिथे पतींनी लावलेला अनंत, पारिजातक, शेवगा, कढीपत्ता आणि बऱ्याच कुंड्या. घरात खंड्या हा 11 वर्षांचा देशी कुत्रा. त्याचे मागचे पाय आता आखडतात. साखर नावाची मांजर. भिंतीवरून येऊन-जाऊन असणारा एक बोका. शिवाय संध्याकाळी गेटपाशी जेवायला येणारी कंपाउंडमधली पाच-सहा मांजरं. इमारतीच्या पुनर्विकासाचा ठराव मंजूर झाला आहे आणि दिवाळीच्या सुमारास घर रिकामं करायचं आहे. एजंट म्हणतात, कुत्रा असेल तर घर मिळणार नाही. पुण्यातला मुलगा म्हणतो, खंड्याला एखाद्या संस्थेत ठेव. चिपळूणजवळ राहणारे दीर म्हणतात, सगळ्यांना वाडीत आणून सोडा, मोकळे राहतील. ताई विचारतात: "मी सहीच केली नाही तर? बाग गेली की यांचं जगच गेलं. की यांना धरून बसणं हा माझाच स्वार्थ आहे? आणि उद्या मीच नसले तर यांचं कोण करणार?"

ताई,

आधी सहीचं बोलू. त्या प्रश्नानं तुमची झोप उडवलेली दिसते, आणि त्याचं उत्तर सगळ्यात लहान आहे. सही न करून परसदार वाचणार नाही. बहुमताने ठराव झाल्यावर अडून बसलेल्या सभासदांना उच्च न्यायालयाने घर रिकामं करायला सांगितल्याची उदाहरणं मुंबईत कमी नाहीत. त्या भांडणात शेजारी दुरावतील, आणि पुढची काही वर्षं तुम्हाला शेजाऱ्यांचीच सर्वात जास्त गरज लागणार आहे. पण सही करण्यापूर्वी काही गोष्टी मागून घ्या. करारनामा वकिलाला दाखवा. नव्या इमारतीत शक्य तितका खालचा मजला मागा. पारिजातक आणि शेवगा तोडण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ते 1975 च्या कायद्यातच आहे. त्यामुळे कोणतं झाड राहणार, कोणतं दुसरीकडे लावणार, हे कमिटीच्या बैठकीत आत्ताच विचारा.

नव्या इमारतीत तळमजल्यावर बहुधा पार्किंग असेल. तुमचं परसदार जसंच्या तसं परत मिळेल अशी आशा धरू नका.

आता तुमचं ते वाक्य, "बाग गेली की यांचं जगच गेलं." ते मला थोडं थांबून तपासावंसं वाटतं. तुम्ही खंड्या, साखर, बोका आणि गेटवरची मांजरं यांना एकाच ओळीत उभं केलंय, आणि सगळ्यांचं जग म्हणजे बाग असं धरून चाललात. तसं ते नाही. कुत्रा माणसांना धरून असतो. तुम्हीच लिहिलंय की तुम्ही कुंड्यांना पाणी घालता तेव्हा खंड्या पायरीवर येऊन बसतो आणि तुम्ही आत गेलात की तोही उठून आत जातो. त्याला बाग आवडते ती तुम्ही बागेत असता म्हणून. मांजर माणसाइतकीच जागा धरते, वास धरते, वाटा धरते. साखरला हलणं खंड्यापेक्षा जड जाईल, पण तिला नवी जागा आपली करता येते, सवड दिली तर. गेटवरच्या मांजरांचं नातं त्या भांड्याशी आणि त्या वेळेशी आहे. म्हणून या सगळ्यांसाठी एकच निर्णय शोधू नका. सापडत नाही म्हणून तुम्ही थकला आहात.

आणि बाग जाण्याचं खरं दुःख तुमचं आहे, ताई. अनंताला कळी आली की आजही तुम्ही पहिली कळी फोटोसमोर ठेवता. हे दुःख तुम्ही खंड्याच्या नावावर मांडलंत, कारण प्राण्यांसाठी रडलेलं लोक समजून घेतात आणि झाडासाठी रडलेलं घेत नाहीत. ते उघड बोला. मुलापाशी बोला. त्याला खंड्याचा प्रश्न तेवढा ऐकू येतोय, म्हणून तो खंड्यापुरतं उत्तर देतोय.

दिरांनी मायेनंच सुचवलं असणार. तरीही नाही म्हणा. वाडीतलं मोकळेपण तिथंच वाढलेल्या कुत्र्यासाठी. पार्ल्यात सोफ्याखाली झोपणाऱ्या, पाय आखडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तिथले कुत्रे हद्दीत घेत नाहीत. कोकणात बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य आहे, लाकडांच्या ढिगाऱ्यात घोणस असते, आणि रात्री काही झालं तर डॉक्टर गाठायला किती वेळ लागेल ते दीरच सांगू शकतील. मांजरं तर अनोळखी जागी सोडली की घाबरून घराच्या दिशेनं निघतात आणि वाटेत हरवतात. प्राण्याला निराधार करून त्याची उपासमार होईल असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही घरच्यांना माहीत असू द्या.

संस्थेचंही तसंच. मुंबई-ठाण्यातल्या चांगल्या संस्था अपघातात सापडलेल्या, आजारी, कुणी नसलेल्या प्राण्यांनी भरून गेलेल्या असतात. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपल्या आजोबांच्या काळापासून गरिबाच्या जनावरालाही औषधपाणी करत आलंय, पण तो दवाखाना आहे, घर असलेल्या कुत्र्याचा वृद्धाश्रम नाही. अकराव्या वर्षी पिंजऱ्यांच्या रांगेत, रात्रभर भुंकण्याच्या आवाजात राहिलेला कुत्रा खाणं सोडतो. तुमच्याकडे घर आहे, बिल्डरकडून भाडं मिळणार आहे, आणि तुम्ही आहात. मग ही जागा ज्याला कुणीच नाही त्याच्यासाठी राहू दे.

तुम्ही लिहिलंय की खंड्याला घरी आणलं मुलानंच, कॉलेजात असताना, पावसात भिजलेलं पिल्लू शर्टात घालून. तो आज "संस्थेत ठेव" म्हणतो तेव्हा त्याला खंड्या नकोसा झालाय, असं मला वाटत नाही. त्याला तुमची काळजी असावी. आई एकटी, गुडघे दुखतात, अनोळखी इमारत, पंचवीस किलोचा कुत्रा पट्ट्याला. ही काळजी चुकीची नाही. त्याला सरळ विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" आणि मग कामं वाटून द्या. भाड्याच्या घरमालकाशी त्यानं बोलावं. घर बदलण्याच्या आठवड्यात त्यानं यावं. सकाळी-संध्याकाळी खंड्याला फिरवायला एखादा मुलगा ठेवायचा, तर त्याचा महिन्याचा पगार त्यानं द्यावा. आणि पत्रात एक पर्याय कुणीच मांडलेला नाही: तुम्ही आजारी पडलात, गावाला गेलात, तर खंड्या पुण्याला त्याच्याकडे जाईल का? सूनबाईंना कुत्र्याची भीती असेल तर ती खरी माना, पण विचारा तरी.

घराबद्दल. एक गोष्ट मनाशी पक्की करा, कारण त्यावर पुढचं सगळं ठरेल. पुनर्विकासाला तीन वर्षं सांगतात, आणि पुढे ढकलली गेलेली कामं पार्ल्यात तुम्ही पाहिलीच आहेत. खंड्या आज 11 वर्षांचा आहे. भाड्याचं घर हेच बहुधा त्याचं शेवटचं घर असेल. ते तात्पुरतं म्हणून निवडू नका. कपाटं मावतील का, याआधी त्याचे पाय बघा. पहिला मजला किंवा चांगली लिफ्ट, खाली गर्दी नसलेला रस्ता, आणि जवळ डॉक्टर. कपाट विकता येतं.

एजंट जे सांगतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. घरमालक खासगी माणूस आहे. तो नको म्हणाला तर आपला इलाज नाही. पण सोसायटी "आमच्याकडे कुत्रे चालत नाहीत" असा नियम करू शकत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सर्वसाधारण सभेनं बहुमतानं ठरवलं तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. त्याच सूचनांत आपली बाजूही सांगितलेली आहे: बाहेर पट्टा लावायचा, त्यानं केलेली घाण उचलायची, भुंकण्यानं शेजाऱ्यांची झोप जाऊ द्यायची नाही. हा कागद छापून जवळ ठेवा, पण पहिल्या भेटीत तोंडावर धरू नका. पहिल्या भेटीत खंड्याची फाइल न्या: महापालिकेचा परवाना, रेबीजची लस, निर्बीजीकरणाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी. "घर सोडताना रंग मी काढून देईन" हे तोंडी न ठेवता भाडेकरारात लिहा, आणि करारात प्राण्यांचा उल्लेख नावानिशी येऊ द्या. लपवून राहायला जाऊ नका. अकरा महिन्यांनी पुन्हा घर शोधणं खंड्याला झेपणार नाही.

आणि शोध एजंटाकडून कमी, कुत्रा पाळणाऱ्या माणसांकडून जास्त करा. संध्याकाळी रस्त्यावर कुत्री फिरवणारे सगळे एकमेकांना ओळखतात. कुठल्या इमारतीत वातावरण बरं आहे, कुठला घरमालक स्वतः मांजरवाला आहे, हे त्यांना ठाऊक असतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात चिठ्ठी लावा. हे आत्ता करा. तुमच्या इमारतीतली सगळी कुटुंबं एकाच महिन्यात पार्ल्यातच घरं शोधायला निघतील, तेव्हा घरमालकाला निवडीला वाव असेल आणि तुम्हाला नसेल.

दिवाळीच्या आठवड्यात मात्र घर बदलू नका. फटाक्यांच्या आवाजात घाबरलेला कुत्रा अनोळखी दारातून पळाला तर त्याला परतीची वाट माहीत नसते. आधी तरी हला, किंवा भाऊबीज होऊन रस्ते शांत झाल्यावर. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरून घ्या. नवं घर ठरलं की हलण्यापूर्वीच त्याला तिथे फिरायला नेत जा, वॉचमनची ओळख करून द्या, लिफ्टमध्ये दोन-चार वेळा नुसतं वरखाली न्या. तुमच्या घरात जुनी मोझॅकची फरशी आहे. हल्लीच्या घरांत गुळगुळीत टाइल्स असतात आणि संधिवात झालेल्या कुत्र्याचे मागचे पाय त्यावर फाकतात. रबराच्या तळाच्या चटया त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत अंथरा. त्याचं जुनं अंथरूण धुऊ नका. तो वासच त्याला सांगेल की हे आपलं घर आहे.

साखरसाठी तयारी आत्ताच, याच घरात सुरू होते. ती आजवर बागेत जाऊन मातीत उकरून शी-शू करत आली, म्हणून तिला घरातला शी-शूचा ट्रे माहीत नाही. आधी ट्रेमध्ये बागेचीच माती भरा, आठवड्या-आठवड्यानं त्यात विकतची वाळू वाढवत न्या. न्यायची टोपली उघडी करून तिच्या झोपायच्या जागी ठेवा, म्हणजे त्या दिवशी ती टोपली शत्रू वाटणार नाही. नव्या घरात तिला नेण्याआधी खिडक्यांना आणि बाल्कनीला पक्की जाळी हवी. मांजर तोल सांभाळते म्हणून पडत नाही, यावर भरवसा ठेवू नका. कबुतराच्या मागे झेपावलेली मांजरं वरच्या मजल्यांवरून पडतात आणि डॉक्टरांकडे जबडा, पाय, छाती मोडून येतात. पहिले काही दिवस तिला एकाच खोलीत ठेवा. खाणं, ट्रे, लपायला खोका. ती स्वतःहून दाराशी यायला लागली की मग बाकीचं घर.

बाहेरची हवा गेली म्हणून ती झुरेल ही तुमची भीती खरी आहे, पण मांजरीला अंगण जितकं लागतं तितकीच उंची आणि ऊन लागतं. खिडकीशी फळी लावा. एका ट्रेमध्ये गहू पेरा. ती पाती चघळेल.

बोक्याचं मला सर्वात कठीण वाटतं. त्याचं निर्बीजीकरण झालंय, तुमच्या हातून खातो, जोराच्या पावसात आत झोपतो. पण बाकीचा दिवस तो तीन इमारतींचा राजा आहे. तो तुमचा आहे की पार्ल्याचा, हे त्यालाच ठरवू द्या. या पावसाळ्यात त्याला काही रात्री मागच्या खोलीत ठेवून बघा. दोन-चार दिवस ओरडून नंतर पसरून झोपायला लागला तर त्याला न्या. खाणं सोडलं, दार ओरबाडून नखं रक्ताळली, तर त्याला नेणं म्हणजे तुमच्या समाधानासाठी त्याला कोंडणं होईल. मग त्याची सोय गेटवरच्या मांजरांबरोबर लावा.

त्या मांजरांबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे, आणि सर्वात मोठा धोका त्यांनाच आहे. इमारत रिकामी झाली की भांडं बंद होतं. सभोवती टिनाचे पत्रे लागतात. मांजरं मात्र तिथेच राहतात, कारण त्यांना तीच जागा माहीत असते, आणि पाडकामाच्या आवाजात ती बाहेर पळण्याऐवजी आणखी आत शिरतात: जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीमागे. उंदीर बाहेर निघाले की आजूबाजूच्या सोसायट्या विषारी औषध टाकतात, आणि ते खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला की विष तिच्याही पोटात जातं.

म्हणून चार महिने आहेत त्यांचा उपयोग करा. पहिलं काम निर्बीजीकरण. मांजरी साधारण दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं दूध पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आत्ता चुकलात तर पाडकामाच्या दिवशी जिन्याखाली पिल्लं असतील. पार्ल्या-अंधेरीत हे काम करणाऱ्या संस्था आहेत. शस्त्रक्रियेनंतर कानाचं टोक किंचित कापतात, त्यावरून झालेलं मांजर ओळखू येतं. दुसरं काम भांडं हलवणं. शेजारच्या, न पाडल्या जाणाऱ्या इमारतीत मांजरांना जीव लावणाऱ्या एखाद्या बाई असतातच, त्यांना गाठा. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत परिसरातल्या भटक्या प्राण्यांना खायला घालायची जागा सोसायटीनं ठरवून द्यावी असं आहे, लहान मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर. त्यांच्या सेक्रेटरींशी त्या आधारे, गोडीनं बोला. जागा ठरली की तुमचं भांडं रोज थोडं थोडं तिकडे सरकवा, वेळ तीच ठेवून. शेवटच्या महिन्यात तिथे तुम्ही आणि त्या बाई, दोघींनी मिळून वाढा, म्हणजे मांजरांना त्यांचा आवाज ओळखीचा होईल. महिन्याचं खाणं तुम्ही पुरवत राहा. ओझं त्यांच्यावर टाकून आपण सुटलो, असं व्हायला नको.

पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसाबरोबर सगळी इमारत फिरून बघायची परवानगी आधीच लेखी घ्या. हे तुम्ही करारावर सही करतानाच मागू शकता. ज्यांच्या इमारती तुमच्या मागोमाग पाडल्या जाणार आहेत त्यांनीही हे मागावं.

झाडांचं हंगामानं तुमच्या बाजूनं ठरवलंय. पावसाळा आहे. अनंताच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या आत्ता लावा; एक लावून थांबू नका, बऱ्याच लावा, काही जळतात. कढीपत्त्याच्या बुंध्याशी उगवलेली रोपं मुळासकट काढा. शेवग्याचा दांडका दिरांकडे पाठवा, वाडीत तो खुशाल मोकळा राहील. पण बाल्कनीत कुंड्या आणि मांजर फूटभर अंतरावर राहणार, म्हणून निवडून न्या. लिलीचा नुसता पराग अंगावरून चाटला तरी मांजरीच्या किडन्या जातात. कण्हेर, अडेनियम, सायकस, डिफेनबेकिया हेही शेजाऱ्यांना देऊन टाका. जास्वंद, तुळस, मोगरा खुशाल न्या. लहान घरात खंड्या आणि साखर जवळजवळ झोपतील, तेव्हा खंड्याला लावायचं गोचिडाचं औषध मांजरीला चालतं का हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. त्यातली काही मांजरींना प्राणघातक असतात. पॅरासिटामॉलची गोळी तर मांजरीला कधीच नाही.

स्वार्थाबद्दल तुम्ही विचारलंत. अकरा वर्षं ज्यानं तुमच्या पावलाचा आवाज ओळखला, त्याला शेवटपर्यंत सोबत ठेवणं हा स्वार्थ नाही. बोक्याला मनाविरुद्ध कोंडलंत तर तो होईल, आणि तुमचं पत्र वाचून मला वाटतं की तो फरक तुम्हाला कळतो.

राहिला शेवटचा प्रश्न. तुम्ही नसलात तर. आपल्या कायद्यात कुत्र्याच्या नावानं पैसे ठेवता येत नाहीत, सांभाळणाऱ्या माणसाच्या नावानं ठेवता येतात. इच्छापत्रात खंड्या आणि साखर कुणाकडे जातील ते नाव लिहा, त्या माणसाला आधी विचारून, आणि त्यांच्या खर्चाची रक्कम त्याच माणसाला द्या. इच्छापत्र उघडेपर्यंत आठवडे जातात, म्हणून एक साधा कागद वेगळा करा: कोण काय खातं, खंड्याची गोळी कोणती आणि किती वाजता, डॉक्टरांचा नंबर, साखर घाबरली की कुठे लपते. त्याची एक प्रत मुलाकडे, एक नव्या शेजाऱ्यांकडे किल्लीसकट, आणि एक फ्रिजच्या दारावर लावा.